बद्रीला निघालेला अडकित्ता

हिमालयाच्या प्रवासाची तयारी कशी करावी, या विषयावर एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमारास शेळगावच्या शिवारात माझ्याइतका अधिकाराने बोलणारा माणूस दुसरा नव्हता. त्या वेळेपर्यंत मी स्वतः चढून गेलेली सर्वांत उंच जागा म्हणजे बारामतीच्या बोर्डिंगची गच्ची. तिथूनही मला एकदा दोघांनी धरून खाली उतरवलं होतं, पण ते गावात कुणाला माहीत नव्हतं.

मी नुकताच मॅट्रिक होऊन घरी आलो होतो. नोकरी लागायची होती, म्हणजे लागत नव्हती. शेतात माझा उपयोग नव्हता. माझ्या हातात खुरपं दिलं की ते आधी माझ्या पायाला लागतं आणि उरलंसुरलं गवताला, असं आबांचं म्हणणं होतं. आबा म्हणजे माझे वडील. आमचं घराणं पूर्वीपासून मेंढरांमागे फिरणारं. कालव्याचं पाणी आलं तसे आबा एका जागी बसले, भाजीपाल्याचं माळवं करू लागले, आणि मेंढरांपैकी चार-दोन तेवढी दारात राहिली. राहिली ती आठवणीला, असं आबा म्हणत. ती दूध देत नसत, लोकरही बेताचीच, पण आबा संध्याकाळी त्यांच्यात जाऊन बसत आणि आमच्यापेक्षा त्यांच्याशी जास्त बोलत.

घरात आईखेरीज आत्या होती. आबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर आमच्याकडे आली ती घरचीच झाली. तिचं सगळं आयुष्य मेंढरांच्या तळावर गेलेलं. दर साल दिवाळी झाली की कोकणाकडे उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर माघारी फिरायचं. तिने कधी कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. म्हणून एका दुपारी जेवणं चालली असताना ती जे बोलली त्यानं आबांच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"मला बद्रीला जायाचंय," आत्या म्हणाली.

"कुठं?"

"बद्रीनारायणाला."

"काय नवस हाय का?"

"नवस न्हाय. जलमभर चालले, ती मेंढरांच्या मागं. त्यांच्या मनाला यील तितं. एकदा माज्या मनाला यील तितं चालायचंय. पाय हायत तवर."

मग आबांनी अडचणी काढायला सुरुवात केली, ती आमच्याकडे होकाराची पहिली पायरी असते. बाई माणूस एकटी कशी जाणार? घरचा गडी बरोबर पाहिजे. आबा स्वतः जाणार नव्हते. वैशाखात कालव्याची पाळी आली आणि पाण्याच्या दांडावर माणूस नसला की आपलं पाणी शेजारच्याच्या वांग्यांना जातं. राहता राहिलो मी.

आबांनी माझ्याकडे बघितलं. बाजारात सगळा माल संपल्यावर उरलेल्या भोपळ्याकडे माणूस बघतो तसं.

"ह्यो निऊन पोचवंल," ते म्हणाले, "पर माघारी कोन आनंल? दोगास्नी?"

मला ते लागलं. मी त्याच दिवशी ट्रंकेतून शाळेचा ॲटलास काढला आणि प्रवासाची आखणी हातात घेतली. आबांनी अट घातली होती: तयारी त्यांच्या मनाला पटली तर आत्या जाईल, नाहीतर नाही. तेव्हापासून आत्या माझ्याकडे मोठ्या आशेने बघू लागली. माझ्याकडे आशेने बघणारी ती घरातली पहिली आणि शेवटची व्यक्ती.

पहिल्या बैठकीत मी वाट सांगितली. भिगवणला गाडी धरायची, दौंडला बदलायची, मनमाडला बदलायची. तिथपर्यंत माझा आवाज खणखणीत होता. मनमाडच्या पुढे नकाशात रुळांची जाळी इतकी दाट झाली होती की मी बोट हरिद्वारवरच ठेवलं. मोटार संपते तिथून पायी, हे मला ऐकून माहीत होतं.

"आन् खायाचं काय?" आबांनी विचारलं.

"वाटेवर धर्मशाळा असतात."

"धरमशाळा कशाला? पंचवीस-तीस मेंढरं घिऊन जावा. रोज सांजच्याला कुनाच्या तरी रानात बसवायची. लेंडीखत पडलं की रानवाला खुशीनं धान्य देतोय. आमी जलमभर तसंच केलं. पैसा लागत न्हाय."

"आबा, तो हिमालय आहे."

"मग? तितल्या रानाला खत लागत न्हाय व्हय?"

"रेल्वेत मेंढरं घेत नाहीत."

"मग रेल्वेनं कशाला जायाचं?"

मी आत्याकडे बघून हसलो, शहाण्या माणसाने हसावं तसं. आत्या हसली नाही. ती विचार करत होती, आणि मला वाटतं तिला आबांची आखणी माझ्यापेक्षा बरी वाटत होती.

मग मी उंचीकडे वळलो. दहा हजार फूट हा आकडा ऐकून दोघांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तेव्हा मी समजावून सांगितलं की आपल्या विहिरीसारख्या विहिरी एकावर एक उलट्या ठेवत गेलं तर कुठे ती उंची होईल.

"उलट्या कशाला?" आत्या म्हणाली. "पानी सांडंल की."

उंचावर हवा विरळ असते, श्वास पुरत नाही, हे मी भूगोलाच्या पुस्तकात वाचलं होतं. त्यावरचा उपाय पुस्तकात नव्हता, तो मी स्वतः काढला. आतापासूनच थोड्या हवेवर भागवायची सवय करायची. मी आत्याला अर्धा अर्धा श्वास घ्यायला सांगितलं. तिने दोन-चार वेळा तसं करून बघितलं आणि म्हणाली, "निम्मा राहिल्याला ठिवू कुठं?" तेव्हा मी स्वतःही तोच प्रयोग करत होतो आणि मला घेरी येत होती.

थंडीची ओळख करून द्यायची म्हणून मी बारामतीला जाऊन सोड्याच्या दुकानातून बर्फाची लादी आणली. भुशात घालून, पोत्यात बांधून. एसटीच्या कंडक्टरने पोतं टपावर टाकायला लावलं. वैशाखाचं ऊन. फाट्यावर उतरून मी पोतं पाठीवर घेतलं, तोवर पाणी माझ्या सदऱ्यातून, धोतरातून, वहाणांतून वाहत होतं. घरी पोचलो आणि अंगणात सगळ्यांसमोर पोतं सोडलं. आत्याने पुढे होऊन त्यात हात घातला, आत इकडेतिकडे चाचपला, आणि भिजलेल्या भुशाची मूठ बाहेर काढून नाकाशी धरली.

"ह्यो बरफ?"

"होता," मी म्हणालो.

"गार हाय बरं का," ती म्हणाली. ते माझं मन राखायला होतं. आबांनी तो भुसा मेंढरांखाली पसरायला नेला.

लस टोचून घेतल्याशिवाय यात्रेला पुढे सोडत नाहीत असं कळलं म्हणून आम्ही इंदापूरच्या दवाखान्यात गेलो. रांगेत मी आत्याला धीर देत होतो. घाबरायचं नाही, वर बघायचं, सुईकडे बघायचं नाही. मी सुईकडे बघितलं. पुढचं मला आत्याकडून समजलं. मी जागा झालो तेव्हा मला बाकावर निजवलं होतं, ती पदराने वारा घालत होती आणि तिची लस टोचून झाली होती. माझीही मी आडवा असतानाच टोचली होती. कंपाउंडर म्हणाला, असेच सगळे पडून राहतील तर काम किती सोपं होईल.

घरी आबांना यातलं काही सांगायचं नाही असं आमचं ठरलं. आत्याने ते पाळलं. मीच रात्रीच्या जेवणापर्यंत दोनदा बोलून गेलो.

आता राहिला चढाचा सराव. इथे अडचण अशी की इंदापूर तालुक्याला चढ नाही. आमच्याकडे पाणीसुद्धा कुठे जावं याचा विचार करत उभं राहतं. आमच्या वस्तीवर उतरण म्हणावी अशा दोनच जागा: मोट ओढणाऱ्या बैलांची उतरती धाव आणि विहिरीच्या पायऱ्या. धावेवर दिवसभर बैल असत. म्हणून मी विहीर धरली.

रोज सकाळी मी आणि आत्या विहिरीत उतरायचो आणि वर यायचो. मोट हाकणारे आबा वरून बघायचे.

"बद्रीला आदी खाली जायाचं आस्तंय व्हय?" आत्याने पहिल्याच दिवशी विचारलं.

मी सांगितलं की सरावात क्रम उलटा असला तरी पायांना ते कळत नाही. मधल्या पायरीवर पोचलं की मी "जोशीमठ" असं जाहीर करायचो आणि आम्ही विसावा घ्यायचो. विसावा मला लागायचा. आत्या उभी राहून भिंतीतल्या पारव्यांची घरटी बघायची.

याच सुमारास मुहूर्त निघाला. पंचांगात दिवस चांगला होता, पण गाडी पुढची होती. अशा वेळी आमच्याकडे पस्तान ठेवतात. निघायच्या सामानातलं एक बोचकं मुहूर्तावर घराबाहेर काढायचं आणि जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. बोचकं निघालं म्हणजे माणूस निघालं. मग माणूस मागाहून सवडीने गेला तरी चालतं. फक्त बोचकं माघारी आणायचं नाही. माघारी आणलं तर तो प्रवास मोडला, पुन्हा त्या वाटेचं नाव काढायचं नाही.

आमच्या वस्तीच्या उत्तरेला माळ्याचं घर होतं. तिथल्या मावशी वांगी आणि मेथी काढून इंदापूरच्या बाजाराला नेत. त्यांच्या ओसरीवर आत्याचं बोचकं मी मुहूर्त साधून नेऊन ठेवलं. बांधलंही मीच होतं, कारण सामान कसं भरावं हे मलाच कळत होतं. आत्याचं दुसरं लुगडं, घोंगडी, बाजरीचं पीठ, चटणी, आणि अगदी शेवटी, कुणाला न विचारता, एक लोखंडी वस्तू. वाटेत बर्फ साचलेला असेल तर तो फोडायला काहीतरी हवं, असा मी विचार केला होता.

आता फक्त एक शेवटचा सराव उरला होता. त्यासाठी मी बारामतीच्या बाजारातून मिलिटरीचे जुने बूट आणले होते. तळाला लोखंडी खिळे मारलेले. बर्फावर पाय सरकत नाही असं विकणारा म्हणाला होता. शेवाळावर काय होतं ते त्यालाही माहीत नसावं. बूट मला एवढे मोठे होते की पुढे चिंध्या कोंबल्या होत्या. मी विहिरीच्या काठावर उभा राहून आत्याला सांगितलं, "आज माझ्या मागोमाग ये, पाय कसा रोवायचा ते बघ." आणि जोशीमठाच्या अलीकडे माझा पाय रोवला तो रोवलाच नाही. पुढचा सगळा हिमालय मी पाठीवर उतरलो आणि पाण्यात गेलो.

पोहता येत होतं, पण बुटांना येत नव्हतं. घोटा असा काही मुरगळला होता की पायरीवर टेकवेना. शेवटी आबांनी मोट खाली सोडली. "धर घट," वरून आवाज आला. मी मोटेला मिठी मारली, आबांनी बैल हाकले आणि मी वर येऊ लागलो. मोट वर आली की काठावरच्या थारोळ्यात रिकामी होते. मीही झालो. पाण्याबरोबर आठ-दहा हात पाटातून पुढे गेलो आणि मेथीच्या वाफ्यात थांबलो.

आबा बैल सोडून आले, माझ्याकडे आणि बुटांकडे बघितलं. "वर आलास," ते म्हणाले. "आता बद्रीला गेल्यासारकंच हाय."

आंबेहळदीचा लेप लावून मला बाजेवर टाकलं. घोटा भोपळ्याएवढा झाला होता. गाडीला थोडेच दिवस राहिले होते, आणि मी उठून उभा राहणं शक्य नव्हतं. हे सगळ्यांना दिसत होतं. दुपारी जेवण झाल्यावर आबा आत्याला म्हणाले, "बोचकं आनतो जाऊन. फुडल्या साली बगू."

"पस्तान ठिवलंय," आत्या म्हणाली.

"आगं, पर जानार कोनासंगं?"

"ते मला ठावं न्हाय. बोचकं माघारी यायाचं न्हाय."

तिचा आवाज चढलेला नव्हता. आबा सवयीने सुपारी कातरायला अडकित्ता शोधू लागले. फळीवर नाही, चंचीत नाही, उशाखाली नाही. तो पितळी मुठीचा अडकित्ता त्यांच्या वडिलांचा होता. तळावरच्या जुन्या दिवसांपासून तो त्यांच्या कमरेला असायचा, आणि सुपारीशिवाय आबांचं जेवण उतरत नसे.

"अडकित्ता कुणी बगितला का रं?"

मी बाजेवर भिंतीकडे तोंड केलं. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याची शाळेची सवय वाईट. "तो बोचक्यात आहे," मी म्हणालो.

"कुठल्या बोचक्यात?"

"बर्फ फोडायला," मी म्हणालो.

आबा तडक उठून माळ्याच्या घराकडे चालायला लागले. आत्याने त्यांना अडवलं नाही. तिने एवढंच म्हटलं, "बोचकं सोडलंस तरी पस्तान मोडंल, आन् ते माज्यावर यील." आबा माळ्याच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात कसे गेले ते विचारू नका. आबांनी सुपारी दगडाने फोडून बघितली. निम्मी म्हशीच्या अंगावर उडाली. दाराच्या बिजागरीत धरून बघितली. विळ्याने कापायला गेले तर अंगठा कापला. माळ्याच्या मावशी वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन आमच्या दारावरून जाताना म्हणत, "आबा, तुमचा अडकित्ता माज्या ओसरीवर पावना म्हनून आलाय. खुशाल हाय. पर मी काय हात लावायची न्हाय बाई."

"तुमाला कोन म्हनतंय हात लावा म्हनून?" आबा खेकसायचे.

आणि आत्या? तिचं दुसरं लुगडंही त्याच बोचक्यात होतं. ती रोज कालव्यावर जाऊन अंगावरचंच धुवायची आणि अर्धओलं नेसून घरी यायची. माझ्या आईने आपलं लुगडं पुढे केलं. तिने घेतलं नाही. रागावून नव्हे. कामं सगळी करत होती, भाकऱ्या थापत होती, माझ्या पायाला लेप लावत होती. फक्त ओल्या लुगड्यात.

एके सकाळी आबा म्हणाले, "दुसरं नेस की गं."

"ते फुडं गेलंय," आत्या म्हणाली. तिला त्यात काही टोचून बोलायचं होतं असं नाही. लुगडं कुठे आहे ते तिने सांगितलं.

आबा त्या दिवशी बाजार नसताना इंदापूरला गेले. परत आले ते दिवेलागणीच्या आधी. मेंढरांपाशी बसले. पाण्याचा तांब्या देताना आईचा हात त्यांच्या बाहीला लागला तसे ते कळवळले; तिने विचारलं, दंड का सुजलाय? मग आम्हाला समजलं.

"लई बारीक सुई आस्ती," आबा माझ्याकडे बघून म्हणाले. "ह्यो कशापायी पडला?"

आत्या चुलीपाशी होती. तिने मागे वळून बघितलं नाही, पण तव्यावरची भाकरी ती उलटायला विसरली, आणि ती करपलेली भाकरी आबांनी तशीच खाल्ली.

"माजा अडकित्ता बद्रीला निगालाय," ते जेवता जेवता म्हणाले. "मी हितं बसून काय करू?"

निघताना मी त्यांना ॲटलास देऊ केला. आबांनी तो हातात घेऊन वजन बघितलं आणि परत दिला. भिगवणला गाडीत बसेपर्यंत, एखादं मेंढरू नेलं असतं तर बरं झालं असतं, असं ते म्हणत होते. माझ्यावर मोट आणि कालव्याची पाळी सोपवून, मावशींच्या ओसरीवरचं बोचकं उचलून दोघं गेली. मी कधी बाजेवर बसून, कधी लंगडत पाणी दिलं. त्या साली माळ्याची वांगी फार चांगली आली.

ज्येष्ठ सरताना दोघं परत आली. काळवंडलेली, वाळलेली, आणि दोघं एकदम बोलत. गाव गोळा झालं. बद्रीनारायण कसा आहे, लोकांनी विचारलं. आबा म्हणाले, "मेंढरं वझं उचलत्यात तितं."

"काय?"

"पाठीवर दोन बाजूला पिशव्या. मिठाच्या, धान्याच्या. शंबर शंबर मेंढरं वझं घिऊन डोंगर चडत्यात. मी म्हनलं न्हवतं, मेंढरं न्यायला पायजे हुती म्हनून?" हे शेवटचं मला उद्देशून होतं.

"देवळाचं सांगा की," कुणीतरी म्हणालं.

"देऊळ हाय," आबा म्हणाले, आणि पुन्हा पिशव्या कशा शिवलेल्या असतात त्याकडे वळले.

आत्याने सांगितलं ते मला एकट्याला, माझ्या बाजेच्या कडेला बसून. वाट अगदी अरुंद. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खाली नदी. आणि पुढे तीच मेंढरं, ओझं घेतलेली. बाजूने जायला जागा नाही. "सकाळधरनं त्यांच्या मागंच," ती म्हणाली. "मला तर हसूच आलं. म्हनलं, एवडं रेल्वेनं, मोटारीनं आले, आन् हितंबी ह्यांचीच शेपटी?"

"मग?"

"मग काय. एका वळनाला वाट रुंद झाली. त्यो मेंढरांवाला हुता, त्याला मी हात केला. त्याला माजी बोली कळंना, मला त्याची. पर त्यानं वळखलं. मेंढरं कडंला घेतली. आन् मी फुडं गेले."

तिने आपल्या पायांवरून हात फिरवला.

"फुडं कुनीच न्हवतं रं. नुसती वाट."

मग तिला काहीतरी आठवलं आणि तिने पदर तोंडाला लावला. "बरफ बी बगितला. त्यात भुसा न्हवता."

अडकित्ता पुन्हा आबांच्या कमरेला आला. बर्फ फोडायला तो लागला नव्हता. पण गोष्ट तिथे संपली नाही, कारण आखणीचा रोग घरात एकदा शिरला की माणूस बदलतो, रोग जात नाही. आठवडाभरात आबांनी जुन्या घोंगडीच्या छोट्या पिशव्या शिवल्या, त्यांत कांदे भरले आणि आमच्या थोरल्या एडक्याच्या पाठीवर बांधल्या. इंदापूरच्या बाजाराला माल असाच न्यायचा, बैलगाडी कशाला? एडका चार पावलं चालला आणि मावशींच्या वांग्यांत जाऊन खाली बसला. आबांनी उठवलं, पुन्हा बसला.

आत्या दारात उभी राहून बघत होती. "आरं, तितली मेंढरं चडावर चालत्यात," ती म्हणाली. "हितं चड कुठाय?"

आबा विचार करत उभे राहिले. मग त्यांची नजर हळूहळू विहिरीकडे गेली.

मी बाजेवरून म्हणालो, "आबा, पायऱ्या निसरड्या आहेत."

"तू गप," आबा म्हणाले, आणि त्यांनी एडक्याचं दावं धरलं.